फक्रुद्दीनचा नट

नगरला झेंडीगेटजवळ, टांग्यांच्या अड्ड्याला लागून, फक्रुद्दीन मिस्त्रींचं दुकान होतं. दुकान कसलं, वर चार पत्रे, मागे भिंत आणि पुढे कडुलिंबाची सावली. पण दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीच्या वीस वर्षांत नगर जिल्ह्यात धावलेली अशी मोटार विरळाच, जिचा एखादा तरी नट मिस्त्रींच्या पान्याखालून गेला नव्हता. अड्ड्यावर म्हणच पडली होती, की फक्रुद्दीनचा नट वाटेत सुटत नाही आणि सोडवायला बसलं तर अडत नाही. ही म्हण कुणी कानावर घातली की मिस्त्री नुसतं 'हं' करायचे. त्या 'हं'मध्ये किती खुशी असायची ते त्यांच्या बायकोला, शरिफाला विचारावं. त्या दिवशी कालवणात मीठ कमी पडलं तरी घरात आवाज चढत नसे.

एरवी माणूस तिरसट. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाने "मिस्त्री, जरा लवकर" म्हटलं की हातातला पाना खाली ठेवून म्हणायचे, "घ्या, तुमीच करा. तुमाला लई घाई हाय." समोरचा वकील असो की फौजदार, सगळ्यांना एकच माप. आणि गंमत अशी, की माणसांशी इतका फटकळ असलेला हा गृहस्थ लोखंडाशी मात्र कमालीचा सबुरीने वागायचा.

त्याचं मूळ त्यांच्या बापात होतं. बाप भिंगारच्या छावणीतला नालबंद. घोड्याच्या खुराला नाल ठोकणं हा त्याचा धंदा, आणि त्याने पोराला शिकवलेली एकच गोष्ट: जनावराचा पाय आपण ओढून घ्यायचा नसतो, त्याने तो द्यावा लागतो. तू उभा राहा, मानेवर हात ठेव, त्याला कळू दे. पुढे घोड्यांच्या जागी मोटारी आल्या आणि बापाचा भाता पोराने मोटारींना लावला, पण ही शिकवण काही सुटली नाही. एकदाच सुटली. पंचविशीत असताना एका साहेबाच्या मोटारीचं स्टेरिंगचं चाक निघेना, म्हणून फक्रुद्दीनने दोन्ही हातांनी धरून, छाती लावून जे ओढलं, ते चाक एकदम सुटलं आणि सरळ तोंडावर आलं. वरचा पुढचा दात साहेबाच्या गादीवर जाऊन पडला. तेव्हापासून मिस्त्री लोखंड ओढत नसत आणि हसताना मिशीवर हात घेत.

आता सहादेवची ओळख करून द्यायला हवी, कारण तो नसता तर ही गोष्टच नसती. सहादेव घोडेगावचा. तिथल्या जनावरांच्या बाजारात बैलांची दलाली करायचा. सन चोवीसच्या सुमाराला त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, छावणीतला एक साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची कापडी टपाची मोटार याने घेऊन टाकली. मोटार चालवता कुणाला येत होती? मिस्त्रींनीच त्याला आठ दिवस भुईकोटाच्या मागच्या मैदानात शिकवली. गडी हुशार, पण बैलांची सवय हाडात मुरलेली. ब्रेक दाबताना तोंडाने "हो, हो" म्हणायचा, चढ आला की "च्च, च्च" करायचा. मिस्त्री म्हणायचे, "अरे बाबा, तिला कान न्हाईत." सहादेव म्हणायचा, "तुमाला कसं ठावं?"

पुढे सोळा वर्षं तो घोडेगाव ते नगर अशी माणसं ने-आण करत राहिला. पाच माणसांच्या गाडीत अकरा बसायची आणि बाजाराच्या दिवशी पायाशी दोन शेळ्या असायच्या. इमामपूरचा घाट आला की माणसं उतरून चालायची, शेळ्या मात्र बसून राहायच्या, कारण त्यांना पुन्हा चढवणं अवघड. पावसाळ्यात चिखलात गाडी रुतली की प्रवासी ढकलायचे आणि वर पोहोचल्यावर सहादेवचेच आभार मानायचे. अशी भोळी मोटार आणि असे भोळे प्रवासी पुन्हा काही झाले नाहीत. आणखी एक गोष्ट त्याची सगळ्या वाटेवर माहीत होती. तो वहाणा घालून मोटार चालवत नसे. मोटार म्हणजे लक्ष्मी, तिला चामडं लावायचं नाही, म्हणून वहाणा काढून बाजूला ठेवायचा आणि अनवाणी पायांनी लोखंडी पेडल दाबायचा. उन्हाळ्यात ती पेडलं तव्यासारखी तापायची, तेव्हा वर ओलं फडकं टाकायचा, पण वहाण घालायचा नाही.

सन चाळीसच्या श्रावणात चार दिवसांच्या तापाने सहादेव गेला. मूलबाळ नव्हतं. मागे बायको मनकर्णाबाई आणि ती मोटार. मोटार गोठ्याशेजारच्या छपरात गेली, पुढच्याच वर्षी पेट्रोलला कुपनं लागली आणि ती लढाई संपेपर्यंत तिथंच राहिली. मिस्त्री मौतीला गेले होते तेवढेच. पुन्हा घोडेगावची वाट त्यांनी धरली नाही. कुणी विचारलं तर काम फार आहे म्हणायचे. खरं कारण असं, की त्या छपरात मोटार उभी आणि सहादेव नाही, हे त्यांना बघवणार नव्हतं.

सेहेचाळीसच्या चैत्रात मनकर्णाबाईच दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या. कांद्याच्या लॉरीत बसून एकट्या आल्या होत्या. भर बाजारात कधी मान वर न करणारी बाई, पण त्या दिवशी सरळ बोलल्या.

"मिस्त्री, आमचा कारभारी लढाईतनं परत आलाय. मोटार चालू करतो म्हनतो. पर स्टेरिंग हालत न्हाई आन् पायडलं बी खालची वर येत न्हाईत. गॅसनं कापनार हाय समदं."

कारभारी हे त्यांच्या पुतण्याचं नाव. लढाईत पलटणीच्या गाड्यांवर फिटर होता.

"मग कापू द्या की," मिस्त्री म्हणाले. "जीपचं बसवील दुसरं."

"बसवील. पर मालकांचा हात हाय त्या चाकावर."

मिस्त्रींनी हातातलं काम तसंच टाकलं. शरिफाने भाकरी बांधून दिली, आणि परतीच्या लॉरीत मनकर्णाबाईंच्या मागे हत्यारांची पिशवी घेऊन तेही चढले.

कारभारी अठ्ठावीस-तिसाचा, तरतरीत आणि मनाने वाईट नव्हे. फक्त लढाईवरून आलेल्या माणसाला वाटतं तसं त्याला वाटायचं, की जगात न सुटणारी गोष्ट नाही, कापता आली म्हणजे झालं. त्याने चहा दिला, पाया पडला आणि मुदतही सांगितली.

"तीन दिस घ्या, चाचा. चौथ्या दिवशी मी नगरातनं गॅसची टाकी आनतो आन् दांडा कापतो. पलटणीच्या जुन्या मालात, डिस्पोजलमदी, जीपची स्टेरिंगं ढिगानं पडल्यात. काकूला वाईट वाटंल, ठावं हाय मला. पर गाडी उभी ठिवून काय उपेग?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच मिस्त्रींना जास्त राग आला.

छपरात गेले आणि थबकले. गाडीवर धूळ नव्हती. टप सारखा केलेला, पितळी दिवे घासलेले. सहा वर्षं कुणीतरी रोज पुसत होतं. मिस्त्री चालकाच्या जागेवर बसले नाहीत, बाजूने वाकले. चाकाची लाकडी कड डाव्या बाजूला एका जागी गुळगुळीत झिजली होती. सहादेव डाव्या हाताने चाक धरायचा, उजवा कायम भोंग्याच्या रबरी फुग्यावर. त्या झिजलेल्या जागेवर मिस्त्रींनी बोट ठेवलं.

मग कामाला लागले. चाक ज्या दांड्यावर बसतं त्या दांड्याचं टोक वर निमुळतं असतं. त्यावर चाक घट्ट बसतं, वरून नट आणि नटावर पितळी टोपी. छपराबाहेर गावातली पाच-सात माणसं जमून बसली होती. खेड्यात मोटार खोलणं म्हणजे तमाशाच. कारभारी पुढे उभा होता. त्याने हसत हसत विचारलं, "चाचा, शेवटचं तर तुमीच बसवलं हुतं ना? काका जायच्या आदल्या साली? इतकं आवळतं व्हय कुनी?"

"माझा नट अडत न्हाई," मिस्त्री मान वर न करता म्हणाले. "नगरात जाऊन इचार."

"मग हे कशानं अडलंय?"

"उघडल्यावर सांगतो."

टोपी काढायला दुपार झाली. ती निघाली, मिस्त्रींनी आत बघितलं, आणि त्यांचा हात तिथंच थांबला. नट दिसतच नव्हता. त्याच्यावर तांबूस-पिवळा, दगडासारखा घट्ट थर बसला होता. हळद होती, कुंकू होतं, आणि त्याला बांधून ठेवणारं आंबूस वासाचं काहीतरी, त्याखाली गंज. त्यांनी वाकून पायाशी बघितलं. पेडलांच्या बुंध्याशी, फळीच्या फटींतून आत, तसलाच थर.

मनकर्णाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. लोकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण मोठ्या अभिमानाने त्या म्हणाल्या, "मिस्त्री, मोटारीची हेळसांड केली न्हाई हां मी. एक आमुशा चुकवली न्हाई का एक दसरा. मालक दसऱ्याला म्होरच्या टायरापाशी नारळ फोडायचे. मला त्यातलं काय कळतंय? मी म्हनलं, त्येंचे हात हितं असायचे, पाय हितं असायचे. मग हितंच हळदकुकू वाहिलं, हितंच दूध घातलं, नारळाचं पानी घातलं. पायांवर घालतात तसं."

मिस्त्रींच्या ध्यानात सगळं आलं. सहा दसरे आणि सत्तरेक अमावास्या. चाकावर घातलेलं दूध टोपीतून नटात गेलं, नटातून नळीने खाली स्टेरिंगच्या पेटीत उतरलं. पेडलांवरचं खाली मुरलं आणि दोन्ही पेडलं ज्या आडव्या दांड्यावर फिरतात तो दांडा गंजून एकजीव झाला. या बाईने नवऱ्याच्या हातापायांची पूजा म्हणून जे जे केलं, नेमकं त्यानेच त्याची मोटार गच्च धरून ठेवली होती. आजूबाजूची जमीन कोरडी, पाऊस कधी छपरात आला नाही. दुसरं कारण शोधूनही सापडलं नसतं.

"चाचा, दिसलं का कारन?" बाहेरून कारभारीने विचारलं.

आता इथे मिस्त्रींनी खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. त्यात त्यांचं नाव राहत होतं. पंचवीस वर्षांचं नाव, आणि ते जपायला या माणसाने भल्याभल्यांशी भांडणं घेतली होती. पण मनकर्णाबाई तिथंच तांब्या धरून उभ्या होत्या. तोंडावर तोच अभिमान. हिला आता कळलं की आपल्याच हाताने हे झालं, तर ही पुन्हा या छपरात पाय ठेवील का? मिस्त्रींनी पान्याच्या टोकाने वरचा थर भराभर खरवडला, फडक्याने पुसला, फडकं कोटाच्या खिशात कोंबलं आणि बाहेर बघून मोठ्याने म्हणाले, "माझ्याच हातनं जादा आवळला गेला. आटे चढलेत. पायडलं उभ्या उभ्या गंजलीत, पर नटाची चूक माझी हाय."

जमलेल्या माणसांत हसू पसरलं. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी फक्रुद्दीनचा बी नट अडतो म्हना की." कारभारी मात्र हसला नाही. त्याला उलट बरं वाटलं, की एवढा मोठा मिस्त्री चूक कबूल करतो. मिस्त्रींचे कान लाल झाले होते. त्यांनी घासलेटची बाटली काढली आणि कामात डोकं घातलं.

पहिला दिवस नटावरच गेला. घासलेट सोडायचं, वाट बघायची, लाकडी मोगरीने चहूबाजूंनी हलके ठोके द्यायचे, पुन्हा घासलेट. दिवस मावळायच्या आधी नट सुतभर फिरला आणि मग आला.

दुसरा दिवस पेडलांचा. फळ्या काढल्या. ब्लोलॅम्पची निळी ज्योत पेडलांच्या बुंध्यावर फिरवून ते तापवले, दांड्याला आतून जॅकचा रेटा दिला, आणि केसाकेसाने दांडा सरकायला लागला. मधे मधे थांबावं लागे. त्या थांबण्यात मिस्त्री आणि मनकर्णाबाई सहादेवबद्दल बोलत. एका बाजाराच्या दिवशी सहादेवने मोटारीत खोंड बसवून नगरला आणला होता आणि खोंडाने मिस्त्रींच्या दुकानापुढच्या कडुलिंबाचा पाला खाल्ला होता, ही हकिगत मनकर्णाबाईंना माहीत नव्हती. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. सहा वर्षांत कुणी त्यांच्याशी सहादेवचं असं हसण्यासारखं बोललंच नव्हतं. विधवेसमोर लोक नवऱ्याचं नाव काढताना गळा काढतात. तो खोंडही होता आणि कडुलिंबही होता, हे सांगायला कुणी जात नाही.

तिसऱ्या प्रहरी दोन्ही पेडलं निघाली. मिस्त्रींनी ती उन्हात धरली. लोखंडाच्या खाचा मधोमध झिजून सपाट झाल्या होत्या, आणि वरच्या कडेला अंगठ्याच्या आकाराची एक खोलगट जागा होती. अनवाणी पायाने लोखंड झिजवायला सोळा वर्षं लागतात. मिस्त्रींनी ती पेडलं मनकर्णाबाईंच्या हातात दिली आणि ते पाणी प्यायला विहिरीकडे निघून गेले. तिथं त्यांनी बराच वेळ तोंड धुतलं. आपला मित्र गेला आणि आपण सहा वर्षं इकडे फिरकलो नाही, याची त्यांना लाज वाटत होती.

चाक राहिलं तिसऱ्या दिवसावर. लाकडी कडेला ओलं पोतं गुंडाळलं, म्हणजे आच लागायला नको. नट दोन आट्यांवर पुन्हा चढवून ठेवला, चाक सुटलं तर तोंडावर यायला नको म्हणून. मग आपला स्वतः घडवलेला पुलर काढला: दोन आकडे चाकाखाली अडकतात आणि मधला लांब स्क्रू दांड्याच्या डोक्यावर रेटा देतो. स्क्रू आवळला, मधला भाग तापवला, पुन्हा आवळला. आणि हत्यारं खाली ठेवून मिस्त्री भुईवर बसले.

"आता?" कारभारीने विचारलं.

"आता बसायचं."

"बसून निघतंय व्हय, चाचा? एक घाव घालतो मी घनाचा."

"घाव घातलास तर दांडा वाकंल. ताण दिलाय. त्याला कळायला येळ लागतो."

कारभारी घटकाभर बसला. मग उठला, फेऱ्या मारल्या, पुन्हा बसला. दुपार टळली. मिस्त्रींनी दोनदा उठून पाव फेरा आवळला आणि पुन्हा बसले. आतून मात्र त्यांचाही धीर सुटत चालला होता. दुधाचा गंज त्यांनी आजवर सोडवला नव्हता. न निघालं तर उद्या गॅसची ज्योत त्या झिजलेल्या जागेशेजारून फिरणार, आणि मनकर्णाबाई ते बघणार. मनकर्णाबाई दाराशी जोत्यावर बसून होत्या. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

शेवटी कारभारीने डोक्याला फेटा बांधला. "चाचा, तुमच्या शब्दाबाहेर न्हाई मी. पर तीन दिस झाले. आत्ता लॉरी हाय, तिनं जातो आन् उद्या टाकी आनतो."

मिस्त्री त्याच्यामागे अंगणापर्यंत आले. कारभारी अंगण ओलांडून वेशीच्या वाटेला लागला असेल नसेल, तोच छपरातून काडकन आवाज झाला. बंदुकीचा बार व्हावा तसा. बैल दचकून उठले. मिस्त्री धडपडत आत गेले. चाक वर उचललं गेलं होतं आणि त्या दोन आट्यांवरच्या नटाला टेकून थांबलं होतं. अख्खं. कुठे चीर नाही, ओरखडा नाही.

कारभारी पळत परत आला. त्याने चाकाला हात लावला, नट फिरवून काढला आणि चाक दोन्ही हातांनी अलगद उचललं. मग तो मुकाट्याने चुलतीकडे गेला आणि ते तिच्या मांडीवर ठेवलं. मनकर्णाबाईंनी दोन्ही हात त्या लाकडी कडेवरून फिरवले, झिजलेल्या जागेशी थांबवले आणि त्या रडल्या. मोठ्याने रडल्या. कारभारीने फेटा सोडून खांद्यावर टाकला आणि खाली बसला. गॅसची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

पुढे आठवडाभर मिस्त्री तिथंच राहिले. स्टेरिंगची पेटी धुतली, दांडे घासले, पेडलांना नवे बुश घातले, सगळं जिथल्या तिथं बसवलं. कारभारी हाताखाली राबला आणि सबुरी थोडी शिकलाही. पण निघायच्या दिवशी मिस्त्रींपुढे पेच उभा राहिला. चार दिवसांवर अमावास्या होती. न सांगता गेलो तर बाई पुन्हा दूध घालणार. सांगावं तर केलेलं सगळं मातीत.

त्यांनी तेलाची लांब चोचीची बुधली मनकर्णाबाईंच्या हातात दिली. "वैनी, आमुशेला हितं दोन थेंब सोडायचे, चाकापाशी. आन् हितं दोन, पायडलांपाशी. हळदकुकू बाहीर, दिव्यांना लावा. दूध नगं."

"दूध का नगं?"

"गाडीचं वय झालं. म्हाताऱ्या मानसाला दूध पचत न्हाई, तसंच हाय."

मनकर्णाबाई बुधलीकडे बघत राहिल्या. मग मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री पिशवी बांधण्यात गर्क होते. "बरं," त्या म्हणाल्या.

झाकली मूठ झाकलेली राहिली असं समजून मिस्त्री नगरला आले. पण त्यांच्या आधी घोडेगावची बातमी अड्ड्यावर आली होती. बाजारकरी माणसांनी आणली. टांगेवाल्यांना तर पंगतीचं आमंत्रणच मिळालं. आता म्हण फिरली. कुणाचं दार अडलं, कुणाचा घोडा हटून बसला, कुणाच्या लग्नाची बोलणी पुढे सरकेनात, की "फक्रुद्दीनचा नट झालाय" असं म्हणू लागले. एक जुनं गिऱ्हाईक मोटार ठेवून जाताना म्हणालं, "मिस्त्री, बेतानं आवळा हां." मिस्त्रींचा पाना हातात तसाच राहिला. पूर्वीचे असते तर त्याची मोटार रस्त्यावर ढकलून दिली असती. त्यांनी मान खाली घातली आणि काम केलं. शरिफाने एकदा विचारलं, "खरंच तुमच्या हातून झालं?" मिस्त्री म्हणाले, "झालं असंल." तिने पुन्हा विचारलं नाही, पण नवरा वाळत चालला हे तिला दिसत होतं.

दसरा आला. मिस्त्री स्वतः पूजा करत नसत, पण खंडेनवमीपासून पाने, हातोड्या, पकडी घासूनपुसून फळीवर मांडून ठेवत, आणि गिऱ्हाइकं येऊन त्यांवर झेंडू वाहून जात. अड्ड्यावर घोड्यांच्या गळ्यात माळा होत्या. दुपारी औरंगाबादच्या वाटेने ओळखीचा भोंगा ऐकू आला, आणि सहादेवची मोटार टप पाडून, आंब्याच्या डहाळ्या लावून अड्ड्यात शिरली. चाकामागे कारभारी. त्याने वहाणा घातल्या नव्हत्या. मागे मनकर्णाबाई, हातात आपट्याची पानं.

"सांभाळून रं," एक टांगेवाला ओरडला. "नट मिस्त्रींचा हाय. वळनावर चाक वळायचं न्हाई." सगळा अड्डा हसला. मिस्त्री फळीपाशी उभे होते, ते दुकानात वळले.

मनकर्णाबाई खाली उतरल्या. मिस्त्रींकडे न जाता त्या सरळ टांगेवाल्यांच्या घोळक्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"नट मिस्त्रींनी अडवला नव्हता," त्या म्हणाल्या. "सहा वर्सं मी त्येच्यावर दूध वतलं. दूध आन् नारळाचं पानी. त्यानं गंजला. मिस्त्रींनी माझ्यासाठी अंगावर घेतलं."

हसणं थांबलं. मिस्त्री तरातरा बाहेर आले. चिडलेच होते. "वैनी, काय बोलताय हे? मी जादा आवळला हुता. मी सांगतो न्हवं."

"खोटं बोलताय तुमी. तेल हातात दिलंत तवाच मला उमगलं. तोंड उघडायला सहा म्हैनं लागलं, ती माझी भीती."

"मग आता तरी कशाला उघडलंत? माझं काय जायचं ते गेलं. लोकांनी तुमाला हसावं म्हनून केलं का मी हे?"

"हसू द्या." मनकर्णाबाईंची मान वर होती. "मिस्त्री, तुमी चांगल्या मनानं केलंत. पर ती चूक माझी हाय. मालक गेल्यावर त्येंच्यासाठी माझ्या हातनं दुसरं काय झालं? पोर न्हाई, बाळ न्हाई. तेवढी एक सेवा झाली, ती बी चुकीची झाली. ती बी तुमी आपल्या नावावर घेऊन गेलात, तर माझ्यापाशी काय ऱ्हातंय?"

सहा महिने मिस्त्रींना वाटत होतं, आपण बाईच्या डोक्यावरचं ओझं उचललं. ते नुसतं ओझं नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं, हे या एवढ्या अनुभवी माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. राग कुठल्या कुठे गेला. भर अड्ड्यात, सगळ्यांदेखत, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"घ्या, वैनी," ते म्हणाले. "तुमची तुमाला."

मनकर्णाबाईंनी आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली, आणि ज्या टांगेवाल्याने टिंगल केली होती, तो उठून आपली घोंगडी झटकून बाईंना बसायला घालू लागला.